रॉक अँड रोल आणि आपली न्यायबुद्धी

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनापूर्वी कार्यक्रम ठरविण्यासाठी जी समिती बसली होती, तिच्यापुढे इयत्ता दहावीच्या एका विद्यार्थिनीने अर्ज ठेविला. गिटार वाजवून, रॉक अँड रोल या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या संगीतातील एक गीत म्हणण्याची तिने परवानगी मागितली होती. मी त्या समितीचा एक सभासद होतो. आणि सांगावयास संकोच वाटतो, तरी सांगितले पाहिजे की, तो अर्ज नामंजूर व्हावा याविषयी सर्वांत अधिक आग्रह माझाच होता. "हे संगीत स्वैराचारी लोकांचे आहे, त्यात ना धर्म ना नीती, आपल्या शाळेच्या व्यासपीठावर त्याला स्थान नसावे," असे मी बोललो आणि इतरांनी माना डोलाविल्या. मुलीने वाद घातला नाही. जाता जाता तिने इतकेच विचारले, "सर, हे संगीत मुळात कोठून आले, हे आपणांस ठाऊक आहे का?"

मला ते ठाऊक नव्हते. तिच्या प्रश्नाला मी काहीतरी मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली; परंतु ज्या गोष्टीचा उगम आपणांस ठाऊक नाही, तिला आपण दोषी ठरवून मोकळे झालो, ही टोचणी मनाला लागून राहिली. वर्गात मुलांना आपण शिकवितो की, पुरावा पाहिल्यावाचून निकाल देऊ नये. मग तोच नियम शिक्षकाला लागू नाही काय? उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या संगीताचा इतिहास मिळेल तितका वाचला, ध्वनिमुद्रिका ऐकल्या, आणि त्यावरून माझे मत पुष्कळ अंशी पालटले. ते का पालटले, हे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम उगमाचा प्रश्न घेऊ. अमेरिकेच्या आर्कान्सा संस्थानात कॉटन प्लँट या नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९१५ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात एक मुलगी जन्मली. पुढे ती सिस्टर रोझेटा थार्प या नावाने प्रसिद्धीस आली. तिची आई केटी बेल ही चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट या पंथाची सुवार्तिका असून मँडोलिन वाजवून भजने म्हणत असे. या पंथाच्या उपासनेत मौन व गांभीर्य यांपेक्षा टाळ्या, पदन्यास, ढोल व उच्च स्वर यांना मोठे स्थान होते. देवाची स्तुती सर्व देहानिशी करावी, अशी त्या गरीब कष्टकरी लोकांची श्रद्धा होती. चार-सहा वर्षांची असतानाच ही मुलगी गिटार हाती घेऊन मंडळीपुढे गाऊ लागली आणि आईबरोबर गावोगाव हिंडू लागली. पुढे मायलेकी शिकागो शहरी आल्या.

१९३८ साली थार्पबाईंनी न्यूयॉर्क येथे डेक्का कंपनीसाठी आपली भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कार्नेगी हॉलसारख्या प्रतिष्ठित सभागृहात त्या गायल्या. १९४४ साली त्यांनी एक भक्तिगीत विजेच्या गिटारीवर मुद्रित केले. १९४५ साली त्याचा एवढा बोलबाला झाला की, कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी व्यापारी पत्रे जी निराळी यादी छापीत, तिच्यात ते वरच्या क्रमांकांपर्यंत चढले. रॉक अँड रोलची पहिली ध्वनिमुद्रिका कोणती, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. परंतु ज्या चार-दोन मुद्रिकांची नावे त्या मानासाठी घेतली जातात, त्यांत ही एक आहे. म्हणजे ज्या संगीताला मी धर्मशून्य म्हणून परत धाडिले, त्याचे पाळणाघर उपासनामंदिर होते!

हा काही एकटा दाखला नव्हे. १९४७ साली जॉर्जिया संस्थानातील मेकन शहरी थार्पबाईंचा कार्यक्रम होता. कार्यक्रमापूर्वी चौदा वर्षांचा एक स्थानिक मुलगा त्यांचीच गाणी म्हणत असलेला त्यांनी ऐकला आणि त्याला आपल्याबरोबर रंगमंचावर गावयास बोलाविले. गाण्याबद्दल त्याला पैसेही दिले. तो मुलगा पुढे लिटल रिचर्ड या नावाने विख्यात झाला. टुपेलो गावचा एल्विस प्रेस्ली हा असेंब्ली ऑफ गॉड पंथाच्या मंडळीत वाढला. त्याला ग्रॅमी नावाचे जे मानाचे पुरस्कार स्पर्धेत मिळाले, ते तिन्ही भक्तिसंगीताबद्दल होते, ही गोष्ट त्याच्या पुष्कळ चाहत्यांनाही ठाऊक नसते.

आता कोणी म्हणेल की, उगम पवित्र असला म्हणून पुढील प्रवाह शुद्ध राहतोच असे नाही. हे म्हणणे रास्त आहे, आणि त्याचा विचार मी पुढे करणार आहे. परंतु तत्पूर्वी या संगीताच्या इतिहासातील काही प्रसंग सांगतो. कारण या इतिहासात जो खरा दोष आहे, तो मी समजत होतो त्याहून अगदी निराळ्या ठिकाणी आहे.

मार्च १९५१ मध्ये टेनेसी संस्थानातील मेम्फिस शहरी सॅम फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणगृहात आइक टर्नर याचा वाद्यवृंद आला. वाटेत त्यांच्या ध्वनिवर्धकाची मोडतोड झाली होती. दुसरा आणण्याची सोय नव्हती. म्हणून फाटलेल्या भागात कागद कोंबून त्यांनी तो तसाच वापरला. त्यामुळे गिटारीचा आवाज खरखरीत व भरदार निघाला, आणि तो खरखरीतपणाच पुढे लोकांना आवडू लागला. 'रॉकेट ८८' ही ती मुद्रिका. गंमत अशी की, वृंद टर्नरचा असूनही मुद्रिकेवर नाव छापले गेले ते त्यातील गायक जॅकी ब्रेन्स्टन याचे! नावाचा हा घोटाळा क्षुल्लक दिसतो, परंतु पुढे काय वाढून ठेविले होते त्याची ती नांदी होती.

पुढील वर्षी, म्हणजे २१ मार्च १९५२ रोजी, क्लीव्हलँड शहरी अ‍ॅलन फ्रीड या नभोवाणीवरील निवेदकाने व त्याच्या साथीदारांनी एक मोठा जलसा भरविला. जागेच्या मानाने कितीतरी अधिक लोक लोटले, दारे मोडली, आणि पोलिसांना तो जलसा प्रारंभीच बंद करावा लागला. पुष्कळ लेखक यालाच रॉक अँड रोलचा पहिला जाहीर जलसा म्हणतात. 'रॉक अँड रोल' हे शब्द त्यापूर्वीही कृष्णवर्णीयांच्या गीतांत होते. परंतु गोऱ्या तरुणांच्या कानी ते नाव नेऊन पोहोचविण्याचे श्रेय फ्रीडकडे जाते.

यानंतरचा प्रसंग ५ जुलै १९५४ चा. त्याच मेम्फिस शहरी, त्याच सॅम फिलिप्स यांच्याकडे, एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली आपल्या दोन साथीदारांसह मुद्रणाचा सराव करीत होता. काम मनासारखे होत नव्हते. मधल्या विश्रांतीत त्याने आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे १९४६ सालचे एक गीत सहज मौजेने, जलद लयीत म्हणावयास आरंभ केला. फिलिप्स यांचे कान टवकारले आणि त्यांनी तेच मुद्रित करून घेतले. थोड्याच दिवसांत ते स्थानिक नभोवाणीवर वाजले. श्रोत्यांची मागणी इतकी आली की, निवेदकाने ते पुनःपुन्हा वाजविले आणि त्या मुलाला बोलावून त्याची मुलाखत घेतली. त्या मुलाखतीत एक प्रश्न असा होता: तू कोणत्या हायस्कुलात शिकलास?

मुलांनो, हा प्रश्न तुम्हांला अगदी साधा वाटेल. परंतु त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांच्या शाळा निराळ्या व कृष्णवर्णीयांच्या निराळ्या असत. शाळेचे नाव कळले म्हणजे गाणारा कोणत्या वर्णाचा आहे, हे न विचारता कळत असे. आवाज ऐकून श्रोत्यांचा समज झाला होता की गायक कृष्णवर्णीय असावा. शाळेच्या नावाने तो दूर झाला. याच वर्षी १७ मे रोजी, म्हणजे अवघ्या सात आठवड्यांपूर्वी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील हा वर्णभेद घटनाविरोधी ठरविला होता. कायदा बदलला, परंतु माणसाच्या मनातील भिंत एका दिवसात पडत नाही. शाळेच्या नावावरून माणसाची किंमत ठरविण्याची ती सवय आपल्या देशात निराळ्या रूपाने नांदत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणू शकेल?

१९५५ साली 'ब्लॅकबोर्ड जंगल' हा शाळेतील उनाड मुलांविषयीचा चित्रपट निघाला. त्याच्या प्रारंभी बिल हेली व त्यांच्या वृंदाचे गीत होते. ते त्या साली जुलै महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर चढले आणि मग या संगीताचा ओघ कोणालाही थोपविता आला नाही. त्याच वर्षी चक बेरी व लिटल रिचर्ड यांची पहिली यशस्वी गीते निघाली.

आणि त्याबरोबरच विरोधही उठला. आता या विरोधाचे स्वरूप नीट पाहा. १९५६ साली दक्षिणेकडील गोऱ्यांच्या ज्या संघटना शाळांतील वर्णभेद टिकवून धरण्यासाठी धडपडत होत्या, त्यांनीच रॉक अँड रोलविरुद्ध मोहीम उघडली. या संगीताने तरुणांची नीती बिघडते, असे त्यांचे जाहीर म्हणणे होते. परंतु त्यांच्या मनात सलत होते ते निराळेच. गोरी व काळी मुले एकाच सभागृहात, एकाच तालावर डोलू लागली होती. पुष्कळ ठिकाणी मध्ये दोरी बांधून दोन वर्णांचे श्रोते वेगळे बसवीत, आणि संगीत रंगात आले म्हणजे ती दोरी गळून पडे. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात बर्मिंगहॅम शहरी नॅट किंग कोल या सौम्य व सुसंस्कृत गायकावर तर भर रंगमंचावर हल्ला झाला. आणि हे कोल तर रॉक अँड रोलचे गायकही नव्हते! यावरून त्या नीतिमत्तेच्या आरोळीमागे काय दडले होते, ते उघड होते.

हे वाचून मी अंतर्मुख झालो. माझ्या विरोधात वर्णद्वेष नव्हता, हे खरे. परंतु अपरिचित गोष्टीचा तिटकारा होता आणि त्याला मी नीतीचा अंगरखा चढविला होता. कोणत्याही गोष्टीविषयी आपणांस रोष वाटला म्हणजे प्रथम त्या रोषाचीच झडती घ्यावी, हा धडा मला या इतिहासाने दिला.

या इतिहासातील खरा दोष कोठे आहे, असे मी वर म्हटले, तो आता सांगतो. तो सुरांत नाही, हिशेबात आहे. ज्यांनी हे संगीत निर्माण केले, त्यांच्यापैकी पुष्कळांना ना त्याचे मोल मिळाले, ना नाव. बिग मामा थॉर्न्टन या गायिकेने १९५२ साली 'हाउंड डॉग' हे गीत मुद्रित केले व ते पुढील वर्षी गाजले. प्रेस्लीने १९५६ साली तेच म्हटले आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. थॉर्न्टनबाईंच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या हाती एकदाच पाचशे डॉलरांचा धनादेश पडला. पुढे काही नाही. आर्थर क्रुडप यांचे गीत गाऊन एका तरुणाचे भाग्य उजळले, परंतु स्वतः क्रुडप यांना मजुरी करून पोट भरावे लागले आणि १९७४ साली मरेपर्यंत न्याय्य मोबदला त्यांच्या पदरी पडला नाही. चक बेरी यांच्या पहिल्या गाजलेल्या गीतावर रचनाकार म्हणून अ‍ॅलन फ्रीड यांचेही नाव लागले. वस्तुतः ते नभोवाणीवर वाजविण्याबद्दलचे बक्षीस होते. पुढे पैसे घेऊन गाणी वाजविण्याच्या या प्रकाराची चौकशी झाली आणि १९६२ साली फ्रीड यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याच्या वहीतील गणित उतरवून त्यावर आपले नाव घालणे हे पाप आहे, असे आम्ही तुम्हांला नेहमी सांगतो. येथे तर एका समाजाचे अवघे भांडार उतरविले गेले. यावर कोणी म्हणेल, दुसऱ्याचे गीत गाणे हा काय अपराध? मुळीच नाही. गीत हे गाण्यासाठीच असते, आणि प्रेस्लीने क्रुडप यांचे ऋण अनेकदा बोलून दाखविले, हेही नमूद केले पाहिजे. अपराध गाण्यात नाही. ज्याने पेरले त्याला कणसाचा वाटा न देणे, हा अपराध आहे.

सिस्टर रोझेटा थार्प यांच्या वाट्याला याहून निराळे दुःख आले. त्या देवाची गाणी नृत्यगृहात गातात, म्हणून त्यांच्याच मंडळीतील पुष्कळांनी त्यांच्यावर ठपका ठेविला. आणि नृत्यगृहातील रसिकांना त्या फारच धार्मिक वाटत! दोन्ही घरची पाहुणी उपाशी, अशी त्यांची स्थिती झाली. तरीही त्यांनी गाणे सोडले नाही. मे १९६४ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर शहराजवळ वापरात नसलेल्या एका रेल्वे स्थानकावर दूरचित्रवाणीसाठी त्यांचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर गाणारे, अशी योजना होती. ऐन वेळी पाऊस आला. थार्पबाई अंगात जाड कोट घालून, ओल्या फलाटावर उभ्या राहिल्या, विजेची गिटार गळ्यात अडकविली, आणि नोहाच्या काळच्या जलप्रलयाविषयीचे भक्तिगीत त्यांनी गावयास घेतले. त्या कार्यक्रमाचे चित्रण आजही उपलब्ध आहे. मी ते पाहिले. एकोणपन्नास वर्षांची ती बाई गिटारीवर जी बोटे फिरविते, ती पाहून आजचा कोणताही वादक लाजेल. आणि तिच्या मुखावरील आनंद पाहून, ही उपासना नव्हे असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे मधुमेहाने त्यांचा एक पाय काढावा लागला. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फिया येथे त्या निवर्तल्या. त्यांच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. सुमारे पस्तीस वर्षे ती कबर तशीच अनामिक राहिली. २००८ साली चाहत्यांनी संगीतसभा भरवून निधी जमविला, तेव्हा कोठे तेथे शिळा बसली. रॉक अँड रोलच्या श्रेष्ठींचा गौरव करणाऱ्या संस्थेने आपली पहिली नामावली १९८६ साली जाहीर केली. तिच्यात बेरी, प्रेस्ली व लिटल रिचर्ड होते. ज्या बाईने लिटल रिचर्डला प्रथम मंचावर उभे केले, तिचे नाव त्या मालिकेत यावयास २०१८ साल उजाडावे लागले. एका बाजूने बाजाराने तिला विसरले, दुसऱ्या बाजूने धर्मशीलांनी तिला टाकले. यांपैकी पहिल्या अपराधाशी आपला संबंध नाही; दुसऱ्याशी मात्र आहे. एका शाळकरी मुलीच्या अर्जावर मी जे केले, ते त्याच जातीचे होते.

आता पालकांच्या शंकांकडे वळतो, कारण त्या सर्वस्वी निराधार नाहीत. या संगीताच्या वाटेवर पुष्कळ तरुण जिवांचा नाश झाला, हे कोणी नाकारू नये. १९७० साली सप्टेंबर महिन्यात जिमी हेंड्रिक्स व ऑक्टोबर महिन्यात जॅनिस जॉप्लिन, दोघेही अवघ्या सत्तावीस वर्षांचे, मादक द्रव्यांच्या पायी गेले. त्यापूर्वी १९६९ सालच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात ऑल्टमाँट येथील जलशात, व्यवस्थेसाठी नेमलेल्या मोटारसायकलस्वारांच्या टोळीतील एकाच्या हातून, गायकांच्या डोळ्यांसमोर एका तरुणाचा खून झाला. अनेक गीतांचे शब्द कुटुंबात ऐकण्याजोगे नसतात. हे सर्व खरे आहे, आणि मुलांनी ते जाणून असावे.

परंतु त्याच इतिहासात दुसऱ्याही गोष्टी आहेत. १९६४ सालच्या सप्टेंबरात फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे बीटल्स या इंग्रज मंडळींनी स्पष्ट कळविले की, श्रोत्यांना वर्णाप्रमाणे वेगळे बसविणार असाल तर आम्ही गाणार नाही. आणि व्यवस्थापकांना नमावे लागले. विशीतल्या त्या पोरांनी जे केले, ते करण्याचे धैर्य त्या काळी पुष्कळ प्रतिष्ठित सभांना व, दुःखाने म्हणावे लागते, पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांनाही झाले नव्हते. तेव्हा सूर दोषी किंवा निर्दोष ठरविण्यापेक्षा, गाणारा काय गातो, कसा वागतो, आणि ऐकणाऱ्याला कोणीकडे नेतो, हे एकेका गीतापुरते पाहणे हाच न्याय होय. चाकूने फळ कापिता येते आणि गळाही. म्हणून कोणी चाकू घराबाहेर टाकीत नाही.

"परंतु हा केवळ गोंगाट आहे, यात विद्या कोठे आहे?" असा आणखी एक आक्षेप असतो. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर द्यावयाचा, आणि अशा बारा आवर्तनांच्या चौकटीत मुख्यतः तीन स्वरसंघ फिरवावयाचे, अशी या संगीतातील पुष्कळ गीतांची घडण आहे. चौकट लहान आहे, हे खरे. पण ओवीची चौकट तरी कोठे मोठी असते? १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडिली. त्यांवर पृथ्वीवरील निवडक संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात बाखचे संगीत आहे. मूळच्या गोव्याच्या व मुंबईत कीर्ती पावलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. आणि चक बेरी यांचे गिटार वाजविणाऱ्या एका खेडवळ मुलाविषयीचे गीतही आहे. निवड चालू असता, रॉक अँड रोल हे पोरकट संगीत आहे, असा आक्षेप निघाला होता. त्यावर शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी, पृथ्वीवर पोरवयाचे लोकही पुष्कळ राहतात, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. आम्हां शिक्षकांचा तर सारा जन्म त्या वयाच्या लोकांतच जातो. आम्हांला तरी हे विसरून कसे चालेल?

आणखी एक गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. झांझिबार बेटात जन्मलेला फारोख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून शिकला. तेथे तो पियानो शिकला आणि चार मित्रांसह त्याने 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढिला. ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत त्या काळची रॉक अँड रोल गीते वाजवीत. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ लंडन येथे जो जलसा झाला, त्यात त्याने व त्याच्या 'क्वीन' या वृंदाने सारे क्रीडांगण जिंकिले. पाचगणीच्या त्या शाळेत कोणीतरी शिक्षक असा असला पाहिजे, की ज्याने त्या पाच मुलांना "वाजवा" म्हटले. त्या शिक्षकाने मुलांच्या आवडीला जागा दिली. मी ती दिली नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच आहे. आपला मुलगा अगर मुलगी कानांत यंत्र घालून जे ऐकते, ते आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या शेजारी बसून ऐकावे. न आवडल्यास तसे मोकळेपणाने सांगावे. परंतु ऐकल्यानंतर सांगावे. मुलांना विनंती अशी की, जे गीत तुम्हांस आवडते, ते मूळ कोणी रचिले, प्रथम कोणी गाइले, आणि त्याला त्याचे मोल मिळाले की नाही, याचा शोध घ्यावा. ज्याचे गीत गावयाचे त्याचे नाव प्रथम घ्यावे. आणि घरच्यांना ज्या शब्दांची लाज वाटेल, ते शब्द केवळ ताल गोड आहे म्हणून तोंडी येऊ देऊ नयेत.

आपल्या संमेलनाविषयी मी समितीला असे सुचविले आहे की, यापुढे वाद्याच्या वा प्रकाराच्या नावावरून कोणताही अर्ज परत धाडू नये. गीताचे शब्द आधी पाहावेत, एकदा तालीम ऐकावी, आणि मग निर्णय द्यावा. मुख्याध्यापकांनी ही सूचना मान्य केली आहे.

ती विद्यार्थिनी शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन शाळा सोडून गेली. ती व्यासपीठावर गाणार होती, ते गीत कोणते होते, हे मी तेव्हा विचारलेही नव्हते. परवा तिच्या धाकट्या भावाकडून कळले: ते सिस्टर रोझेटा थार्प यांचेच एक भक्तिगीत होते. या अंकाची एक प्रत मी त्याच्या हाती तिच्यासाठी देणार आहे. माझा निकाल चुकीचा होता, हे मी येथे सर्वांसमक्ष लिहून देतो. आणि येत्या संमेलनात माजी विद्यार्थिनी म्हणून तिने यावे, येताना गिटार घेऊन यावे, असे तिला आग्रहाचे निमंत्रण करितो.